अठराव्या ट्रॅकची साक्ष

ड्राइव्हच्या पोटाखाली चार स्क्रू असायला हवेत. आमच्याला तीनच होते. चौथ्याच्या भोकात कोळ्याने जाळं धरलं होतं. तो स्क्रू कोणी हरवला हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो मीच हरवला होता, तेरा वर्षांची असताना, आणि त्याबद्दल बोलणीही भरपेट खाल्ली होती.

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करायची तारीख आली तेव्हा पोटमाळ्यावरून काय काय खाली उतरलं: तांब्याचा बंब, आईचं शिलाई मशीन, स्ट्रायकर नसलेला कॅरम बोर्ड, आणि जुन्या गोधडीत बांधलेला कमोडोर ६४, आमचा घरचा जुना संगणक. त्याच्या जोडीला १५४१, म्हणजे त्याचा डिस्क ड्राइव्ह. आकाराने पावाच्या लादीएवढा, पण उचलायला गेलं की मनगट खाली जातं, कारण ट्रान्सफॉर्मर त्याच्या पोटातच असतो. दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, "दे भंगारात, उगाच डोंबिवलीला ओझं नेऊ नकोस." भंगारवाला टेम्पो घेऊन चाळीच्या तोंडाशी उभाच होता. सगळ्या चाळीचा संसार किलोवर चालला होता. मी बंब दिला, कॅरम दिला, ड्राइव्ह दिला नाही. तेव्हा कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आता येतं.

कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ साली. ६४ म्हणजे ६४ किलोबाइट मेमरी. सकाळी मावशीकडून व्हॉट्सॲपवर येणारं सुप्रभाताचं फूलसुद्धा त्यात मावणार नाही. जगात तो एक कोटीहून जास्त विकला गेला, पण आपल्याकडे यायचा तो कोणाच्या तरी सामानातून. आमचा मामा मर्चंट नेव्हीत होता. १९८७ साली तो जहाजावरून सुट्टीवर आला तेव्हा परफ्यूम, चॉकलेटं आणि आईला हवं असलेलं मिक्सर यांच्याऐवजी हे खोकं घेऊन आला. आई आठ दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही. सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले होते, पण आमची शाळा त्या निवडीत नव्हती. त्यामुळे दादा एका रात्रीत चाळीतलं मोठं प्रस्थ झाला. शेजारच्या इमारतींतली पोरं गॅलरीत रांग लावून आपली पाळी येण्याची वाट बघायची.

खरा उपयोग मात्र बाबांनी केला. ते एका पतपेढीत कारकून आणि चाळीच्या कमिटीचे खजिनदार. भाड्याची वसुली, पंपाचं बिल, झाडूवाल्याचा पगार, गणपतीची वर्गणी, सगळं त्यांच्याकडे. मामाने सोबत एक कार्ट्रिज आणलं होतं, मागच्या खाचेत खुपसलं की टाइपरायटरसारखं लिहायला मिळायचं. म्हणजे बाबांना प्रोग्राम डिस्कवरून घ्यावा लागत नसे. डिस्क लागायची ती लिहिलेलं साठवण्यापुरती. ही बारीक गोष्ट आत्ता बिनमहत्त्वाची वाटेल, पण पुढे तिच्यावरच सगळा खटला उभा आहे.

बाबांची पद्धत ठरलेली: महिन्याला डिस्कची एक बाजू. १५४१ एकाच बाजूने वाचतो, पण डिस्कच्या दुसऱ्या कडेला कात्रीने चौकोनी खाच पाडली की ती उलटी घालता येते आणि पैसे निम्म्यावर येतात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी जेवण झालं की बाबा नवी बाजू फॉरमॅट करायचे, हिशोब टाइप करायचे, साठवायचे आणि लेबल लावायचे. डिस्कवर बॉलपेन दाबून लिहू नये अशी सूचना पाकिटावर असे, म्हणून ते लेबल आधी टेबलावर लिहून मग चिकटवत. लेबलावर महिना आणि खाली तारीख: '३१-७-८९'. हे त्यांनी केलं म्हणून बरं, कारण १५४१ स्वतः फाइलला तारीख लावत नाही. वर, मूळ हिशोब लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत वेगळा ठेवलेलाच असे. मग संगणकावर कशाला, असं आई विचारायची. "एक प्रत असावी," बाबा म्हणायचे.

आता त्या आवाजाबद्दल. ज्याने १५४१ वापरलाय त्याला तो झोपेतसुद्धा ओळखता येईल. टर्रर्र-टकटकटकटक. जणू आत कोणी चमच्याने डबा ठोकतंय.

डिस्कवर पस्तीस वर्तुळं असतात, एकात एक. त्यांना ट्रॅक म्हणायचं. दोन ट्रॅकमधलं अंतर इंचाचा अठ्ठेचाळिसावा भाग, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. वाचणारं हेड एका छोट्या मोटारीच्या जोरावर आत-बाहेर पावलं टाकत सरकतं. प्रश्न असा की आपण कितव्या ट्रॅकवर उभे आहोत हे हेडला कळणार कसं? शहाण्या ड्राइव्हमध्ये पहिल्या ट्रॅकपाशी एक सेन्सर असतो. १५४१ मध्ये पैसे वाचवायला तो ठेवलाच नाही. हा कंजूषपणा एकट्या कमोडोरचा नव्हे. ॲपलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या वॉझनियॅकने १९७८ साली केलेल्या 'डिस्क टू' ड्राइव्हमध्येही सेन्सर नव्हता, आणि त्या ड्राइव्हचं लोक कोण कौतुक करतात. उपाय दोघांचा एकच. रात्री वीज गेल्यावर आपण काय करतो? भिंतीला हात लागेपर्यंत जातो आणि तिथून पावलं मोजत न्हाणीघर गाठतो. ड्राइव्ह तसंच करतो. गोंधळला की हेडला हुकूम सोडतो: पंचेचाळीस ट्रॅक मागे सर. ट्रॅक आहेत पस्तीस. त्यामुळे कुठेही उभा असलास तरी भिंतीवर आदळशीलच, आणि आदळून संपलास की तो पहिला ट्रॅक समज.

दिवसातून एक-दोनदा आदळणं ठीक. पण गेम विकणाऱ्यांनी कॉपी होऊ नये म्हणून डिस्कवर मुद्दाम खराब जागा ठेवायला सुरुवात केली. प्रोग्राम ती जागा वाचायला जाणार, ती वाचता आली नाही तरच डिस्क खरी मानणार. बिचारा ड्राइव्ह प्रत्येक वेळी समजायचा की आपलंच चुकलं, आणि पुन्हा भिंतीवर डोकं आपटायचा. मोटारीच्या दांड्यावर जी पुली असते ती बऱ्याच ड्राइव्हमध्ये नुसती दाबून बसवलेली. वरून ट्रान्सफॉर्मरची उष्णता, खालून ही ठोकाठोक. एखाद्या दिवशी पुली दांड्यावर केसभर फिरते.

मग काय होतं हे मला फार आवडतं. ड्राइव्हला काहीच कळत नाही. आपल्या मते तो अजून बरोबर जागीच असतो. कोरी डिस्क घाला, तो आपल्या चुकलेल्या मापाने तिच्यावर ट्रॅक आखतो, तिथेच लिहितो, तिथेच वाचतो, कसली तक्रार नाही. तक्रार येते ती दुसऱ्या ड्राइव्हने लिहिलेली डिस्क समोर आली की. किंवा त्याने स्वतःच पूर्वी लिहिलेली.

आमच्या भिंतीवरचं घड्याळ नऊ मिनिटं पुढे होतं, बाबांच्या चर्नी रोडच्या गाडीसाठी. घरात सगळ्यांना ते माहीत असल्यामुळे कोणाची गाडी त्या घड्याळाने कधी चुकली नाही आणि वाचलीही नाही. पाहुण्यांची मात्र तारांबळ उडायची. आजोबा असते तर त्यांनी वेगळाच घोळ घातला असता. ते सांगायचे, त्यांच्या तरुणपणी मुंबईत वेळ विचारली की आधी "स्टँडर्ड की बॉम्बे टाइम?" असं विचारावं लागे. खरंच होतं ते. सगळ्या देशाने १९०६ साली एक वेळ धरली, पण हे शहर १९५५ पर्यंत आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ सोडायला तयार नव्हतं.

तर १९८९ ची दिवाळी. बाबा जुन्या वळणाचे, वर्ष दिवाळीला मिटवायचं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री ते आधीच्या दिवाळीपासूनच्या डिस्क घेऊन बसले. पहिली घातली. टकटकटक, आणि ड्राइव्हवरचा लाल दिवा उघडझाप करू लागला. दुसरी, तेच. तिसरीलाही तेच झाल्यावर त्यांनी ड्राइव्ह बंद केला आणि विचारलं, "याला कोणी हात लावला?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

मी लावला होता. दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी सगळे झोपलेले असताना, आईच्या शिलाई मशीनच्या खणातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी ड्राइव्ह पालथा घातला होता आणि आत कोण ठोकतं ते पाहिलं होतं. आत हिरवा बोर्ड, दोन चकचकीत दांड्या, पांढरं ग्रीस आणि दाढीच्या पात्यासारखी पातळ पोलादी पट्टी होती. मला ते सगळं फार सुंदर वाटलं होतं. हेडला बोटही लावलं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. बंद करताना एक स्क्रू फरशीवर पडला आणि कुठे गडप झाला देवालाच ठाऊक. बाबांनी ड्राइव्ह उलटा करून पाहिला, तीन स्क्रू मोजले, आणि निकाल लागला. मारलं नाही त्यांनी. "मुलींनी यात हात घालू नये," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून संगणकावर आईने शिवलेलं कव्हर आलं, त्याला नाडीची गाठ आली. वर्षाचा हिशोब बाबांनी वहीवरून केला. दादाने त्या दिवशी फराळाचं ताट घेऊन गॅलरी गाठली होती, हे मला अजून आठवतं.

मुलींनी हात घालू नये म्हटल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. गेली सव्वीस वर्षं मी इस्पितळांतली ईसीजी मशीन दुरुस्त करते. एक मिलिव्होल्टला दहा मिलिमीटर, कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर. सगळं आयुष्य वस्तू मापावर आणण्यात गेलं. मशीन मापावर आलं की हिरवं स्टिकर लावायचं आणि सही करायची. त्यामुळे डोंबिवलीच्या टेबलावर १५४१ उघडला तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं: याला मापावर आणायचा.

पट्टा गेला होता हे उघडायच्या आधीच माहीत होतं. मोटार आणि डिस्क फिरवणारं चाक यांच्यामध्ये रबरी पट्टा असतो. पस्तीस पावसाळ्यांनंतर रबर दोनच गोष्टी करतं, ताठ होतं किंवा वितळतं. आमचं वितळलं होतं. पुलीवर काळ्या गुळासारखा थर. तो काढायला अर्धी बाटली आयपीए, म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल, कानात घालायच्या कापूसकाड्यांचा अख्खा डबा आणि एक संध्याकाळ लागली. नखांतला काळेपणा पुढचे तीन दिवस भाकरीच्या पिठात दिसत होता. नवा पट्टा घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेले. रस्त्याचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं त्यालाही जमाना लोटला, पण पट्टा मागायचा तर लॅमिंग्टनच म्हणावं लागतं. तिथे आता बहुतेक दुकानांत मोबाइलचे डिस्प्ले आणि सीसीटीव्ही. एका बोळातल्या दुकानदाराकडे अजून टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यांचे जुडगे खिळ्याला टांगलेले होते, फुलांच्या वेण्यांसारखे. मी दोऱ्याने घेतलेलं माप त्याच्यासमोर ठेवलं. त्याने दोरा बोटांवर ताणून पाहिला आणि न मोजता एक चपटा पट्टा काढून दिला. "मॅडम, कोणतं मशीन?" कमोडोरचा ड्राइव्ह म्हटल्यावर तो हसला, "पहिले आते थे लोग." पैसे घेताना त्याने दोरा परत केला, हे मला आवडलं.

दांड्यांवरचं पांढरं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते खरवडून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला, आईच्याच कुपीतला. पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर मीटरवर बरे दिसत होते तरी बदलले. त्यांच्या वयाला बरं दिसणं पुरेसं नसतं.

मग फिरण्याचा वेग. इथे मी एक संपूर्ण रविवार घालवला आणि तो रविवार मला परत नको आहे असं नाही. डिस्क मिनिटाला ३०० फेरे फिरायला हवी. हे तपासायला कारखान्याने चाकाच्या खालच्या अंगाला काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन कडी चिकटवलेली असतात, एक ५० हर्ट्झच्या देशांसाठी आणि एक ६० च्या. आपली वीज ५० ची. तिच्यावर जळणारी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. चाक सेकंदाला पाच फेरे फिरतं, कड्यावर वीस रेघा. पाच विसा शंभर. म्हणजे वेग बरोबर असेल तर ट्यूबच्या उजेडात रेघा जागच्या जागी थिजल्यासारख्या दिसतात. वेग कमी असला तर मागे सरकतात, जास्त असला तर पुढे. कसलं उपकरण नको, कसला मीटर नको.

फक्त ट्यूब हवी. माझ्या घरात सगळे एलईडी. त्यांच्याखाली चाक म्हणजे नुसता करडा धुरळा. शेजारच्या काकूंकडे ट्यूब होती, पण तिला इलेक्ट्रॉनिक चोक, तिचा लुकलुकाट हजारोंच्या हिशोबात, आपल्या काही कामाचा नाही. शेवटी पुन्हा गिरगावला गेले. चाळीच्या गॅलरीतली चार फुटी ट्यूबपट्टी, लोखंडी चोकवाली, भंगाराच्या ढिगात पडलेली होती. वॉचमनला चहापाणी देऊन ती उचलली आणि लोकलच्या लेडीज डब्यात भाल्यासारखी उभी धरून आणली. दादरला एक बाई म्हणाली, "यापेक्षा नवी स्वस्त पडली असती हो." स्टार्टर दोनदा फडफडला आणि पट्टी लागली. त्याच उजेडात बाबा हिशोब करायचे. मी ड्राइव्ह आडवा धरून चालू केला; रेघा मुंग्यांच्या रांगेसारख्या मागे चालल्या होत्या. वेग जुळवायचा बारीक स्क्रू, म्हणजे प्रीसेट, जरासा फिरवला. रांग मंदावली. आणखी जरासा. थांबली.

मी ते बराच वेळ बघत बसले.

आता हेड. हेड मापावर आणायला कारखान्यात रेकॉर्ड झालेली डिस्क लागते, घरी लिहिलेली चालत नाही. सुदैवाने ढिगात एक होती: विकत घेतलेला मूळ गेम, दादाच्या वर्गमित्राचा, जो आजतागायत परत गेलेला नाही. हेडच्या सिग्नलला सीआरओ, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, जोडला, मोटार धरून ठेवणारे दोन स्क्रू सैल केले. त्या स्क्रूंवर कारखान्याच्या लाखेचा ठिपका होता. अखंड. तो मीच फोडला, आणि फोडताना त्याचा अर्थ काय हे माझ्या ध्यानात आलं नाही. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की हात लावण्याआधी 'आहे तशी' नोंद करायची, काम झाल्यावर 'ठेवली तशी' करायची. ट्रेनींना मी यावरून फाडून खाते. आणि बाबांच्या ड्राइव्हची 'आहे तशी' नोंद मी केलीच नाही. घरचं मशीन ना.

मोटार चिमूटभर फिरवली की पडद्यावरची लाट फुगायची, पुढे गेलं की सुकायची. सगळ्यात फुगली तिथे स्क्रू आवळले, पहिला, अठरावा आणि पस्तिसावा ट्रॅक तपासला, आणि मोटारीच्या कडेला लाल नेलपॉलिशची खूण केली. गेम चालू झाला. दोन मिनिटं लागली, कारण १५४१ कडून संगणकाकडे सेकंदाला सुमारे चारशेच बाइट जातात. हा जगातल्या सर्वांत आळशी ड्राइव्हांपैकी एक, आणि गंमत म्हणजे त्याच्या आत स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आहे, म्हणजे तो स्वतःच एक संगणक. हिरवं स्टिकर लावायचं तेवढं बाकी होतं.

बाबांच्या डिस्क काढल्या. काहींवर बुरशी होती, पांढरे ठिपके, समुद्राजवळच्या घरात कागदपत्रांना धरते तशी. बुरशीची डिस्क तशीच घातली तर हेड तर घाण होतंच, पुढच्या चांगल्या डिस्कवरही ओरखडा उठतो. तेव्हा पाकिटाची वरची कड ब्लेडने कापायची, आतली काळी पातळ तबकडी काढायची, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून बोटांनी हलकेच धुवायची, सावलीत वाळवायची. माझ्या स्वयंपाकघरात दोन दिवस पापडांसारख्या तबकड्या पडल्या होत्या.

नोव्हेंबर ८८ वाचली. डिसेंबर वाचली. जानेवारी, फेब्रुवारी, एकेक करत जून ८९ पर्यंत सगळ्या. मला हसू फुटलं. बाबांना त्या रात्री ज्या वाचता आल्या नाहीत त्याच या. म्हणजे तेव्हा ड्राइव्ह बिघडलेला होता, आज मी तो नीट केला, झालं. जुलै वाचली. डिस्क उलटी केली, ऑगस्ट. टकटकटकटक. लाल दिवा. चूक विचारली तर उत्तर: २१, रीड एरर, १८, ०. अठराव्या ट्रॅकवर डिस्कची अनुक्रमणिका असते. तीच सापडत नव्हती. सप्टेंबर, तेच. ऑक्टोबर, तेच. ९० सालच्या सगळ्या, तेच.

बुरशी म्हणावी तर जुलै आणि ऑगस्ट एकाच डिस्कच्या दोन बाजू. एकाच पाकिटात राहिलेल्या, एकत्र धुतलेल्या. एक वाचते, एक नाही.

चहा गार झाला तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी मोटारीचे स्क्रू पुन्हा सैल केले आणि ऑगस्टची बाजू घालून, सीआरओकडे बघत, मोटार मापापासून दूर न्यायला लागले. सव्वीस वर्षांत हे काम मी कधी केलेलं नाही. हात तयारच होत नव्हता. लाट आधी अगदी सुकली आणि मग दुसऱ्या बाजूने वर आली. पहिल्या खुणेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिथे आवळलं. ऑगस्ट वाचली. सप्टेंबर, ऑक्टोबर, ९० च्या सगळ्या, एकाही चुकीशिवाय. आणि जुलै वाचेना.

तिथे मी गुलाबी नेलपॉलिशची दुसरी खूण केली.

पडद्यावर बाबांचा हिशोब, रोमन कॅपिटल अक्षरांतलं मराठी, जे वाचताना आधी ओठ हलवावे लागतात. खोली ९, अकरा रुपये. खोली १४, अकरा रुपये. खोली २२, पाच रुपये, बाकी पुढच्या महिन्यात. मंडप आगाऊ. पाट, नवा, एक. हे सगळं लाल वहीतही आहे, वही माझ्याच कपाटात आहे. तरी मी शेवटपर्यंत वाचलं.

मग खटल्याकडे वळले. ३१ जुलै १९८९ च्या रात्री हेड जागेवर होतं. ३१ ऑगस्टच्या रात्री नव्हतं. प्रोग्राम कार्ट्रिजवर असल्यामुळे बाबांना ते तेव्हा कळलंच नाही. मी ड्राइव्ह उघडला तो ऑक्टोबरअखेर, दिवाळीत. मोटारीच्या स्क्रूंवरची लाख अखंड होती, म्हणजे कोणी बाहेरून काही फिरवलेलं नाही. पुलीच दांड्यावर सरकली, आणि ती सरकते ठोकून ठोकून. बाबांनी त्या रात्री तिसऱ्या डिस्कला न थांबता ऑगस्टची घालून पाहिली असती, तर ती वाचली असती आणि मी तिथेच सुटले असते.

ऑगस्ट ८९ मध्ये घरात काय चाललं होतं ते मला आईच्या तोंडून पाठ आहे, कारण ही गोष्ट ती प्रत्येक नातेवाइकाला सांगायची. दादाचं दहावीचं वर्ष. आधी दिवसरात्र गेम गेम करायचा. आणि गणपतीच्या थोडं आधी, कोणी न सांगता, त्याने गेम सोडले आणि अभ्यासाला लागला. गणपतीने बुद्धी दिली. आईने एकवीस मोदक वाढवले होते त्या वर्षी.

मी त्याला फोन लावला. पुण्यात तेव्हा रात्रीचे दहा वाजले असतील, तो आयपीएलची मॅच बघत होता. सगळं सांगितलं, जुलै, ऑगस्ट, लाख, पुली. पलीकडे बराच वेळ नुसता कॉमेंटरीचा आवाज येत होता. मग त्याने टीव्ही बारीक केला.

"तो गेम लोड होतच नव्हता गं," तो म्हणाला. "टकटक टकटक करायचा. मला वाटलं, करतोय काहीतरी. तसाच ठेवून आम्ही खाली क्रिकेट खेळायला गेलो. आलो तर अजून ठोकतच होता."

"किती वेळ?"

"दुपारभर."

"आणि मग?"

"मग काहीच लोड होईना. तेव्हा म्हटलं आता अभ्यास करावा."

कोर्टात हे टिकणार नाही, मला मान्य आहे. उष्णतेने पुली आधीच सैल झाली असेल. आणखी एखाद्या आठवड्याने ती कोणाच्याही हातून गेली असती, बाबांच्यासुद्धा. पण पस्तीस वर्षं मी जे डोक्यावर घेऊन फिरत होते त्यातलं निम्मं तरी त्याच्या डोक्यावर गेलं, आणि मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोला.

"पण स्क्रू तूच काढले होतेस ना?" दादा म्हणाला.

काढले होते. चारही. चौथ्या भोकात आता लॅमिंग्टन रोडचा स्क्रू आहे, मूळच्यापेक्षा थोडा लांब, त्यामुळे ड्राइव्ह टेबलावर ठेवला की एका पायावर डुगडुगतो. खाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. हेड सध्या गुलाबी खुणेवर आहे.